तीनशे बारा वेळा ‘हो’

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास वैजयंती शेवाळे यांचं मत पोस्टाने घरी आलं.

पिवळ्या पाकिटात दोन कागद होते, एक त्यांचा आणि एक नवऱ्याचा. उंबरठाणे नगरपरिषदेचं हे मतपत्रक दर तीन महिन्यांनी यायचं आणि वैजयंतीबाईंचं न वाचताच रद्दीत जायचं. त्या दिवशी गवार निवडायला कागद हवा होता म्हणून त्यांनी ते उलगडलं, आणि शेंगा ओतायच्या आधी सतराव्या ओळीवर नजर अडकली.

‘विषय १७ : नगरपरिषदेचे प्रसूतिगृह बंद करून त्या जागी वाहनतळ करावा. आपले मत : सहमत. खात्री : ८८ टक्के.’

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्याच प्रसूतिगृहात त्यांनी एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी अख्खं गाव त्यांना सिस्टर म्हणूनच हाक मारत असे.

“अहो, हे काय आहे?”

रमाकांत शेवाळे खुर्चीत बसून आपलं पत्रक वाचत होते. हायस्कुलात तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. कुठलाही छापील कागद ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. “बत्तीसपैकी बत्तीस,” ते खुशीत म्हणाले. “आपल्या दोघांची मतं तंतोतंत जुळतात. प्रभागात अशी जोडपी किती असतील?”

“मी कधी म्हटलं प्रसूतिगृह बंद करा म्हणून?”

“म्हटलं असशील. यंत्र काय मनाचं लिहितंय? अगं, महिन्याला सहा-सात बाळंतपणं होतात तिथे. जिल्ह्याला सगळ्या सोयींचं रुग्णालय आहे. अठ्ठेचाळीस किलोमीटर म्हणजे हल्ली काही अंतर नव्हे. इकडे बाजारच्या दिवशी स्कूटर लावायला जागा मिळत नाही. बरोबर ना?”

“हो,” वैजयंतीबाई म्हणाल्या, कारण कुकरची तिसरी शिट्टी होत होती आणि गॅस बंद करायचा होता.

फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या पांढऱ्या डबीतला हिरवा दिवा एकदा लुकलुकला.

या डबीबद्दल थोडं सांगायला हवं. माणसाच्या डोक्यात मतं फडताळात ठेवल्यासारखी तयार नसतात, हे जनमताचा अभ्यास करणाऱ्यांना फार पूर्वीच कळलं होतं. प्रश्न आला की माणूस त्या क्षणी जे आठवेल ते गोळा करतो आणि त्यातून मत उभं करतो. म्हणून प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरं बदलतात. सकाळी एक उत्तर मिळतं, संध्याकाळी दुसरंच. यावर तोडगा निघाला तो असा, की विचारायचंच नाही, नुसतं ऐकायचं. डबी घरातलं सार्वजनिक विषयांवरचं बोलणं तेवढं वेचून काढी, आणि कुणी होकार दिला की तिचा दिवा लुकलुके. त्या बोलण्यावरून प्रत्येक नागरिकाचे चारशे आकडे ठरत, प्रत्येक आकडा म्हणजे कुठल्या तरी बाजूचा एक कल. या चारशे आकड्यांना मतछाया म्हणत. नगरपरिषदेला एखादा निर्णय घ्यायचा असला की गावातल्या एकवीस हजार छायांना प्रश्न टाकायचा; अर्ध्या मिनिटात जनमत हातात. छायेचं उत्तर आणि फोनवरून त्याच माणसाने दिलेलं उत्तर शंभरात चौऱ्याण्णव वेळा जुळतं, असं तपासणीत दिसलं होतं. २०३६ सालापासून उंबरठाण्यात ना सभेत हात वर झाले, ना कुणी हरकतींचे अर्ज लिहिले. सगळ्यांची किती सोय झाली होती.

विषय सतरावर गावाचं मत होतं एकाहत्तर टक्के सहमत. अठ्ठावीस तारखेला ठराव येणार होता. हातात सोळा दिवस होते.

मतछाया कक्ष नगरपरिषदेच्या जुन्या जकात खोलीत होता. कक्षाचा प्रमुख रियाज तांबोळी संख्याशास्त्र शिकलेला, तीस वर्षांचा. सिस्टरना पाहून तो उठून उभा राहिला. त्याचा जन्म त्यांच्याच हातचा. पायाळू होता, पाय आधी बाहेर आले होते, आणि हे त्याला गावातल्या निम्म्या बायकांनी आजवर सांगितलं होतं.

“बसा सिस्टर. सर बरे आहेत?”

“सर मजेत आहेत. माझं मत चुकलंय, ते दुरुस्त कर.”

रियाजने पत्रक पाहिलं, पडद्यावर काहीतरी उघडलं आणि घसा साफ केला. “तुम्ही विरोधात आहात, हे मी नोंदवू शकतो. पण ते सांगीव मत म्हणून नोंदेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही तोंडाने सांगितलेलं. छायेचं ते खरोखर असलेलं मत. सांगीव मताला दहावा हिस्सा भार असतो.”

“मी समोर बसून सांगतेय त्याला दहावा हिस्सा?”

“लोक समोरच्याला बघून बोलतात, सिस्टर. रागाच्या भरात बोलतात. आत्ताच बघा, तुमचा आवाज तपासून यंत्र म्हणतंय, ‘क्षणिक नाराजी, सहा आठवड्यांत ओसरण्याची शक्यता.’”

“ओसरेल की. तोवर प्रसूतिगृहावर डांबर पडलेलं असेल.”

“नियम मी केलेला नाही.”

“पायाळू माणूस जमिनीतलं पाणी दाखवतो म्हणतात,” सिस्टर म्हणाल्या. “तुला समोरचा माणूस दिसेना.”

रियाज कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, “एक करता येतं. तुमचं मत कशावरून ठरलं, ते आधार-उतारे मागायचा तुम्हाला हक्क आहे. आजवर कुणी मागितलेले नाहीत.”

छापून निघाले ते एकोणचाळीस कागद. सिस्टरनी तिथेच बाकावर बसून वाचायला सुरुवात केली.

‘र. : ते प्रसूतिगृह म्हणजे पांढरा हत्ती आहे. बरोबर ना? वै. : हो.’

‘र. : जागा किती मोक्याची, आणि आत माशा मारतायत. वै. : हं. हो.’

‘र. : मी अध्यक्ष असतो तर आधी तेच पाडलं असतं. वै. : हो, हो. जेवायला वाढू का?’

एकट्या प्रसूतिगृहाच्या विषयावर त्या तीन वर्षांत तीनशे बारा वेळा ‘हो’ म्हणाल्या होत्या. आधी त्यांना हसू आलं. मग हसू कुठल्या कुठे गेलं आणि त्यांनी पेन काढलं. पहिल्या ‘हो’पुढे लिहिलं, ‘ऐकतेय.’ दुसऱ्यापुढे, ‘पुरे आता.’ तिसऱ्यापुढे, ‘भात लागेल.’ पुढच्या वीस-बावीसांपुढे पुन्हा ‘ऐकतेय’, आणि एकापुढे, ‘ऐकतही नाही.’

“रियाज, तू गोळ्या घेतोस का कसल्या?”

“ॲसिडिटीची. रोज एक.”

“वेळेवर घेतोस?”

“हो.”

“पाकीट दाखव.”

रियाजने खणातून पाकीट काढलं. दहापैकी सात शिल्लक होत्या, आणि पाकीट त्याने तीन आठवड्यांपूर्वी आणलं होतं.

“नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी हा प्रश्न सोडून दिला,” सिस्टर म्हणाल्या. “लोहाच्या गोळ्या घेतेस का गं, विचारलं की प्रत्येक बाई म्हणायची, हो. व्हय. घेती की. खोटं बोलायच्या नाहीत त्या. समोरचं माणूस काही म्हणालं की हो म्हणायचं, एवढंच त्यांना माहीत. मग मी विचारायला लागले, किती उरल्या? तेव्हा कुठे रक्त का चढत नाही ते कळायला लागलं. तुझी डबी अजून पहिल्या वर्षातच अडकली आहे.”

“पण तपासणी?” रियाज म्हणाला. “फोनवर विचारूनही तेच उत्तर आलंय. चौऱ्याण्णव टक्के.”

“फोनवर काय विचारलंत?”

त्याने वाचून दाखवलं. “‘प्रसूतिगृहाऐवजी जिल्हा रुग्णालयाच्या आधुनिक सुविधांचा लाभ मिळावा, हे आपल्याला मान्य आहे का?’”

“आणि फोनवर बायका काय म्हणाल्या?”

रियाजने तो प्रश्न पुन्हा मनाशी वाचला. तो संख्याशास्त्र शिकलेला होता. पुढचं त्याला कुणी सांगावं लागलं नाही. एका बिघडलेल्या काट्याची खातरजमा तशाच बिघडलेल्या दुसऱ्या काट्याने केली, की दोन्ही बिनचूक दिसतात.

तीन दिवसांनी त्यानेच सिस्टरना बोलावून घेतलं. पडद्यावर दोन रेघा होत्या, निळी रमाकांतरावांची आणि लाल वैजयंतीबाईंची. प्रसूतिगृहाबद्दलचा कल, तीन वर्षांचा.

“दोन वर्षांपूर्वी सर प्रसूतिगृहाच्या बाजूने होते,” तो म्हणाला. “वीस खाटा वाढवा म्हणत होते. चौदा ऑगस्टला संध्याकाळी सात बेचाळीसला त्यांचं मत फिरलं.”

“त्या दिवशी बाजारात कुणीतरी त्यांच्या स्कूटरला धडक दिली होती. आरसा फुटला होता.”

“तुमचंही मत चौदा ऑगस्टला फिरलं. सात बेचाळीसलाच.” त्याने बोट रेघांवरून पुढे नेलं. “इतर विषय धरून सरांनी अकरा वेळा मत बदललंय, आणि अकराही वेळा तुम्ही त्याच मिनिटाला. दोन माणसांची मतं इतकी जुळत नसतात, सिस्टर. आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी असेल तरच हे होतं.”

गावभरच्या घरांत त्याने हेच तपासलं होतं. पंचवीस ते पंचेचाळीस वयाच्या, नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायकांपैकी शहात्तर टक्के सहमत. त्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या बायकांपैकी तेवीस.

“माझ्या बायकोला सहावा महिना आहे,” तो पडद्याकडे बघतच म्हणाला. “तिची छाया सहमत आहे. काल रात्री पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, आता विचारतोस होय? घाटात दरड कोसळली तर मी काय तुझ्या डबीत बाळंत होऊ?”

“शहाणी आहे पोरगी.”

“गोची पुढे आहे. सगळ्या गावाचे आकडे मी सभेत दाखवू शकतो, पण अध्यक्ष म्हणतील, बायका नवऱ्यांशी सहमत असतात, त्यात काय नवल. त्यांना खरे उतारे ऐकवावे लागतील. ऑगस्टच्या आधीचे आणि नंतरचे. निदान एका घराचे. आणि उताऱ्यात दोघांचा आवाज असला की दोघांची सही लागते.”

तीन हजारांवर बाळंतपणं केलेल्या बाईला एका सहीची धास्ती वाटत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी डबी उचलून मागच्या अंगणात ठेवली आणि एकोणचाळीस कागद नवऱ्यापुढे मांडले. रमाकांतरावांनी सवयीने वाचायला घेतले. पाच-सहा पानं झाल्यावर त्यांचा वेग मंदावला. पेनाने लिहिलेल्या शेऱ्यांवर ते प्रत्येक वेळी थांबत होते. ‘ऐकतेय.’ ‘पुरे आता.’ ‘ऐकतही नाही.’

“म्हणजे इतकी वर्षं तू माझं ऐकतच नव्हतीस.”

“ऐकत होते. सगळं पटत नव्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

“विचारतो की. दर वाक्याला विचारतो. बरोबर ना, म्हणून.”

“तो प्रश्न आहे होय? वर्गात ‘कळलं का सगळ्यांना?’ विचारायचात, तेव्हा साठ पोरं काय म्हणायची?”

साठ पोरं एका सुरात ‘हो सर’ म्हणायची आणि सहामाहीत नद्या पूर्वेऐवजी पश्चिमेला वाहायच्या.

“आणि हे तू सगळ्या गावासमोर वाचायला देणार. शेवाळे सरांची बायको त्यांना नुसतं हो हो करते.”

“तुमची एकट्याची अब्रू जात नाहीये. माझीही जाते. तोंड असून बोलले नाही, हे माझंच आहे.” त्या थांबल्या. “सगळंच खोटं होतं असंही नाही. बत्तीस ओळी मी एकेक करून तपासल्या. त्यातल्या नऊ मला खरोखरच पटतात. ती मतं माझी की तुमची, तेच कळेना. रोज हो म्हणता म्हणता मुरली असतील, लोणच्यासारखी. पण सतरावी नाही मुरली. त्या घाटात, जीपच्या मागच्या बाकावर, टॉर्चच्या उजेडात मी सुतारांच्या सुनेचं बाळंतपण केलंय. ती वाचली. बाळ वाचलं नाही. तेव्हा इथलं प्रसूतिगृह दुरुस्तीसाठी पंधरा दिवस बंद होतं. नुसतं पंधरा दिवस.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात.”

दोन दिवस घरात शब्द नव्हता. वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं गेलं नाही. डबी पुन्हा फळीवर आली होती, पण तिच्या पडद्यावर सारखी एकच ओळ उमटायची, ‘नोंदीसाठी संभाषण अपुरे.’ वैजयंतीबाईंना शांतता हवी होती ती मिळाली, आणि तिने त्यांचा जीव आणखीच उबगला. भाजीत मीठ जास्त झालं तरी कुणी काही म्हणेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी कागद ओट्यावर पडलेले होते. रमाकांतरावांनी ते उत्तरपत्रिकेसारखे तपासले होते, लाल पेनाने. आपल्याच वाक्यांखाली त्यांनी रेघा मारल्या होत्या. दोन ठिकाणी ‘विधानास आधार नाही’, एका ठिकाणी ‘मुद्दा सोडून’, आणि चौदा ऑगस्टच्या उताऱ्यापुढे, ‘स्कूटरचा राग’. शेवटच्या पानावर तारीख टाकून सही होती. स्वतःला मात्र त्यांनी गुण दिले नव्हते.

अठ्ठावीस तारखेला सभागृह भरलं होतं. रियाजने दोन रेघा दाखवल्या, एकट्या राहणाऱ्या बायकांचे आकडे दाखवले, मग उतारे वाचले. पहिल्या उताऱ्याला लोक हसले. पाचव्याला बायकांच्या बाजूचं हसू थांबलं. वीस खाटा वाढवा, बरोबर ना, हो. पाडून टाका, बरोबर ना, हो. हे एकापाठोपाठ ऐकल्यावर पुरुषांच्या बाजूला खुर्च्या करकरल्या. रमाकांतराव तिसऱ्या रांगेत ताठ बसले होते आणि त्यांनी मान खाली घातली नाही.

रियाज म्हणाला, “या बायका विरोधात आहेत, असं माझं म्हणणं नाही. त्यांचं मत आपल्याला माहीत नाही, एवढंच सिद्ध होतं. दुरुस्ती केल्यावर सहा हजार तीनशे छायांपुढे ‘सहमत’च्या जागी ‘अज्ञात’ लिहावं लागेल.”

नगराध्यक्ष घोरपडे यांनी कपाळावर हात मारला. ठराव टाइप होऊन आला होता, ठेकेदार मागच्या रांगेत बसला होता. “मग आता काय करायचं म्हणता? पंधरा वर्षं मागं जायचं? घरोघर माणसं पाठवून एकेकीला विचारत बसायचं?”

“हो,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

घोरपडे त्यांच्याकडे वळले. ते पुरते वैतागले होते, म्हणूनच बहुधा त्या दिवसातला एकमेव शहाणा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला. “हा कुठला ‘हो’, सिस्टर?”

“हा होकार आहे. लिहून घ्या.”

सभागृह इतकं हसलं की घोरपड्यांनाही हसावं लागलं, आणि हसलेल्या माणसाला ठराव रेटता येत नाही. विषय पुढे ढकलला गेला. प्रश्नावली करायला रियाजने सिस्टरना बसवलं. ‘आहे का’, ‘मान्य आहे का’, ‘वाटतं का’ असे सगळे प्रश्न त्यांनी खोडले. राहिले ते तीन. तुमच्या घरातलं शेवटचं बाळ कुठे जन्मलं? तिथवर कसे पोहोचलात? पुढचं कुठे जन्मावं? प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारायचं, आणि विचारून झाल्यावर गप्प बसायचं. “गप्प बसणं अवघड जाईल मोजणीवाल्या पोरींना,” त्या म्हणाल्या, “पण तेच मुख्य काम आहे.”

मोजणीत काय निघालं ते उंबरठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रसूतिगृहाला नवा रंग लागलाय, आणि बाजारच्या दिवशी स्कूटर लावायला अजूनही जागा मिळत नाही. पण हे नंतरचं.

मोजणीवाली मुलगी शेवाळ्यांच्या घरी आली तेव्हा रमाकांतरावांनीच दार उघडलं. “आमच्या घरचं असं आहे,” त्यांनी सवयीने सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य गिळलं. आत वळून म्हणाले, “वैजयंती, तुला विचारायला आल्यात.” मग अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. नंतर त्यांची पाळी आली तेव्हा त्या अंगणात गेल्या.

मुलगी गेल्यावर दोघं स्वयंपाकघरात आले. वैजयंतीबाईंनी पातेल्यात चहाचं पाणी टाकलं.

“काय सांगितलंस, ते विचारत नाही,” रमाकांतराव म्हणाले. “मी सांगितलं, चालू ठेवा.”

“हो?”

त्यांनी चमकून वर पाहिलं. हा ‘हो’ एकोणचाळीस कागदांत कुठेच नव्हता.

“का?” वैजयंतीबाईंनी विचारलं, आणि गॅस न पेटवताच त्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

मग सरांनी घाट सांगितला. तिथला खडक कसा थरांचा आहे, थरांमध्ये माती कशी भिजून सुटते, कुठल्या तीन वळणांवर दर वर्षी दरड येते, आणि हे सगळं तेहतीस वर्षं फळ्यावर काढूनही ‘अठ्ठेचाळीस किलोमीटर म्हणजे काही अंतर नव्हे’ असं आपण कसं म्हणत राहिलो. मध्येच ‘बरोबर ना’ तोंडावर आलं, ते त्यांनी परतवलं. जीप कुठल्या वळणावर थांबली होती, तेही त्यांनी विचारलं, आणि वैजयंतीबाईंचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलले नाहीत.

वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं. फळीवरच्या डबीचा दिवा एकदाही लुकलुकला नाही, कारण तेवढ्या वेळात वैजयंतीबाई एकदाही हो म्हणाल्या नाहीत. त्या ऐकत होत्या.